संस्थेतल्या माणसांचं संरक्षण: कसं चालतं, कुठे अडतं

अनुदानावर चालणाऱ्या संस्थेची तपासणी कशी होते, हे तिथे चार-दोन वर्षं नोकरी केलेल्या कुणालाही विचारा. आदल्या दिवशी फोन येतो. चादरी बदलल्या जातात, न्हाणीघरात फिनेल पडतं, मुलांच्या अंगावर सणाला मिळालेले कपडे चढतात. साहेब आले की अधीक्षकांच्या खोलीत चहा-पोहे होतात. हजेरीपट, साठा नोंदवही, आहाराचा तक्ता, औषधांचं रजिस्टर टेबलावर मांडलेलं असतं. मग एक फेरी होते. मुलं रांगेत उभी. ‘‘जेवण मिळतं ना नीट?’’ ‘‘हो सर.’’ शेरेबुकात ‘समाधानकारक’ असा शेरा, सही, शिक्का आणि गाडी पुढच्या संस्थेकडे.

यातला प्रत्येक जण खोटारडा असतो असं मुळीच नाही. बऱ्याचदा अधिकारी प्रामाणिक असतो, त्याच्याकडे पंधरा संस्था असतात आणि गाडीचं डिझेल मंजूर करून घेतानाच त्याचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. पण या पद्धतीत तपासले जातात ते कागद. आत राहणारा माणूस अधीक्षकांच्या देखत ‘हो सर’ एवढंच म्हणू शकतो, कारण साहेब संध्याकाळी परत जाणार असतात आणि त्याला रात्र तिथेच काढायची असते. बालगृह, वृद्धाश्रम, मनोरुग्णालय, मतिमंद मुलांची वसतिगृहं या सगळ्यांना लागू असलेल्या संरक्षणाच्या कायद्यांचा सगळा खटाटोप ही एक अडचण सोडवण्यासाठी आहे. आतल्या माणसाला, तिथे नोकरी न करणाऱ्या कुणाशी तरी, निर्धोकपणे बोलता यावं. हे जिथे साधतं तिथे बाकीची यंत्रणा हलते. जिथे साधत नाही तिथे नोंदवह्या कितीही टापटीप असोत, त्यांचा उपयोग शून्य.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण बिहारमधलं आहे आणि त्याचा एक धागा मुंबईला जोडलेला आहे.

बिहार सरकारने आपल्या राज्यातल्या निवासी संस्थांचं सामाजिक अंकेक्षण करण्याचं काम मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधल्या ‘कोशिश’ या प्रकल्पाकडे सोपवलं. हा प्रकल्प बेघर, निराधार आणि भिक्षेकरी म्हणून पकडल्या जाणाऱ्या लोकांसोबत काम करत उभा राहिलेला. बंद दाराआडची माणसं कशी बोलतात आणि कशी गप्प बसतात याचा त्यांना सराव होता. त्यांनी ११० संस्था पाहिल्या. सामाजिक अंकेक्षण हे हिशेबतपासणीपेक्षा वेगळं असतं. हिशेबतपासनीस विचारतो, दुधावर किती खर्च झाला. सामाजिक अंकेक्षण करणारा मुलांमध्ये बसून विचारतो, काल सकाळी काय प्यायलात. कर्मचारी बाजूला, दार लोटलेलं, हातात फॉर्म नाही, घाई नाही. पहिला अर्धा तास नुसत्या गप्पांत जातो आणि तो जाऊ द्यावा लागतो.

एप्रिल २०१८च्या अखेरीस त्यांनी अहवाल दिला. चांगलं चाललेल्या संस्थांची त्यात चांगली नोंद होती. काही संस्थांबद्दल मात्र गंभीर इशारा होता आणि त्यांत मुजफ्फरपूरचं मुलींचं बालगृह होतं. ३१ मे रोजी गुन्हा नोंदला गेला. वैद्यकीय तपासणीत तीसहून जास्त मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं पुढे आलं. सर्वोच्च न्यायालयाने खटला बिहारमधून दिल्लीच्या साकेत न्यायालयात हलवला. जानेवारी २०२० मध्ये २० आरोपींपैकी १९ दोषी ठरले आणि फेब्रुवारीत संस्थेच्या प्रमुखाला मरेपर्यंत जन्मठेप झाली.

आता शिक्षा झालेल्यांची यादी नीट पाहा. तिच्यात संस्थेचे कर्मचारी आहेत, पण जिल्हा बालकल्याण समितीचा तेव्हाचा अध्यक्ष आहे, त्याच समितीचा एक सदस्य आहे आणि जिल्ह्याचा बाल संरक्षण अधिकारीही आहे. ज्यांच्या कानावर मुलींनी तक्रार घालावी अशी कायद्याची अपेक्षा होती, तेच लोक. बाल संरक्षण कक्षाच्या एका माजी महिला अधिकाऱ्याला, गुन्ह्याची माहिती असून न कळवल्याबद्दल वेगळी शिक्षा झाली. म्हणजे कागदोपत्री यंत्रणा पूर्ण होती. पदं भरलेली होती. कुंपणानेच शेत खाल्लं. आणि ते उघडं पडलं ते त्या जिल्ह्याशी, त्या खात्याशी, त्या अनुदानाशी काही देणंघेणं नसलेले लोक आत जाऊन बसले तेव्हा.

कायद्याने काय काय लावून ठेवलं आहे

मुलांच्या संस्थांसाठी २०१५चा बाल न्याय कायदा आहे आणि तो बराच तपशिलात जातो. मुलांना ठेवणारी कोणतीही संस्था नोंदणीशिवाय चालवता येत नाही. चालवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. तपासणी समितीने दर तीन महिन्यांनी निदान एकदा भेट द्यायची. भेटीला किमान तिघे हवेत आणि त्यांत एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी असलेच पाहिजेत. अहवाल आठवड्याच्या आत द्यायचा. त्याशिवाय बालकल्याण समितीने महिन्याला किमान दोन भेटी द्यायच्या. संस्थेच्या कर्मचाऱ्याने मुलाला क्रूरपणे वागवलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड.

वैद्यकीय अधिकारी कशासाठी, असं वाटेल. तर मार बहुधा कपड्यांखाली असतो आणि खरजेचे चट्टे, उवांनी चिघळलेलं डोकं, वयाच्या मानाने न वाढलेलं वजन हे डॉक्टरच्या नजरेला लगेच दिसतं. मूल काही बोललं नाही तरी शरीर बोलतं.

या नियमांमधली मला सगळ्यात शहाणी वाटलेली तरतूद मात्र अगदी साधी आहे, ती म्हणजे सूचनापेटी. नियम म्हणतात की पेटी कार्यालयापासून लांब आणि मुलांच्या झोपायच्या खोल्यांजवळ असावी. किल्ली अधीक्षकाकडे नसावी, व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाकडे असावी. दर आठवड्याला ती मुलांच्या समितीतल्या सदस्यांसमोर उघडावी. हे लिहिणाऱ्याने संस्था आतून पाहिलेली असणार. कारण प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पेटी असते ती अधीक्षकांच्या दाराशेजारी, कॅमेऱ्याखाली, आणि किल्ली त्यांच्याच ड्रॉवरमध्ये. पेटीवर धूळ साचलेली असेल तर तिथल्या मुलांना काही तक्रार नाही असा अर्थ काढू नये. ज्या पेटीतून ‘भेंडीची भाजी नको’, ‘टीव्ही दुरुस्त करा’ अशा चिठ्ठ्या निघतात आणि त्यांवर काहीतरी होतं, त्याच पेटीत एखाद्या दिवशी गंभीर चिठ्ठी पडण्याची शक्यता असते. लहान तक्रारीचं काय झालं हे पाहूनच मूल मोठी तक्रार करायची की नाही ते ठरवतं. लिहिता न येणाऱ्या मुलांसाठी पेटी निरुपयोगीच, हेही खरं.

मानसिक आजाराच्या लोकांसाठी २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. त्यामागे एक जळलेली झोपडी आहे. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडी इथे, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या खासगी आश्रयस्थानांपैकी एकाला ६ ऑगस्ट २००१च्या पहाटे आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जणांचा जीव गेला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि देशभरातल्या अशा जागांची तपासणी सुरू झाली.

नव्या कायद्याने साखळीला पूर्ण बंदी घातली. एकांतकोठडीलाही. हातपाय बांधण्याला मात्र पूर्ण बंदी नाही, कारण क्वचित कुणी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात असतं. तेव्हा अट अशी की तो धोका टाळायचा दुसरा मार्गच नसावा, प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाची मंजुरी असावी, गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त बांधू नये, केसपेपरवर कारण आणि वेळ लिहावी आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवावं. शिक्षा म्हणून बांधणं चालत नाही. आणि कायदा पुढे स्पष्टच म्हणतो की कर्मचारी कमी आहेत हे बांधण्याचं कारण होऊ शकत नाही. हे वाक्य कायद्यात घालावं लागलं, यावरून ते कारण किती वापरात होतं हे समजावं.

त्याच कायद्याने मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळं आणली. अध्यक्ष न्यायिक अधिकारी, आणि सदस्यांत मानसिक आजारातून गेलेल्या व्यक्ती, रुग्णांची काळजी घेणारे किंवा या क्षेत्रातल्या संस्थांचे लोक यांनाही जागा. इच्छेविरुद्ध भरती केलेल्या रुग्णाने किंवा त्याच्या प्रतिनिधीने अर्ज केला तर मंडळाने सात दिवसांत निर्णय द्यायचा. महिला किंवा अल्पवयीन मुलाला असं भरती केलं, तर तीन दिवसांच्या आत मंडळाला कळवणं बंधनकारक. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. पण बहुतेक कुटुंबं ज्या खासगी ‘रिहॅब’ केंद्रांत माणूस ठेवतात त्यांनाही हाच कायदा लागू आहे. ‘महिनाभर भेटायला यायचं नाही, फोन नाही, तो आमच्या थेरपीचा भाग आहे’ असं सांगणारं केंद्र दिसलं तर तिथून परत फिरावं. भेटी आणि फोन हा रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे.

अपंग व्यक्तींसाठी २०१६चा कायदा आहे, आणि त्यातली एक वाट फार कमी लोकांना ठाऊक असते. अत्याचार होतोय किंवा होण्याची शक्यता आहे असं कळलं की कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे आपल्याकडे तहसीलदाराला, माहिती देऊ शकतं. तो सुटकेचा, सुरक्षित जागी ठेवण्याचा हुकूम काढू शकतो. त्यासाठी नातेवाईक असण्याची अट नाही.

वृद्धांच्या बाबतीत मात्र उजेडच आहे. २००७चा ज्येष्ठ नागरिक कायदा मुख्यतः मुलांनी आई-वडिलांना पोटगी द्यावी याभोवती फिरतो. गरीब वृद्धांसाठी जिल्ह्यात वृद्धाश्रम असावा असं तो म्हणतो, पण महिना पंचवीस-तीस हजार घेणाऱ्या खासगी वृद्धाश्रमात रात्री किती माणसं हवीत, डॉक्टर कधी यायला हवा, तक्रार कुठे करायची, यावर तो जवळजवळ गप्प आहे. अशा संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं सुधारणा विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

हयगय कशी तयार होते

राक्षसी वृत्तीचा माणूस संस्थेत शिरतो आणि अत्याचार करतो, हे चित्र सोपं आहे आणि कधीकधी खरंही असतं. पण हयगय बहुतेक वेळा चांगल्या माणसांच्या हातून, थोडी थोडी करत घडते. तीस बिछान्यांच्या मजल्यावर रात्री एक मावशी. तिला आठ-नऊ हजार पगार, तोही दोन महिने थकलेला. बारा जणांचे डायपर बदलायचे. ती पहिल्यांदा काय करेल? संध्याकाळी सहानंतर आज्यांना पाणी कमी देईल. म्हणजे रात्री डायपर कमी बदलावे लागतात. तिच्या दृष्टीने ही युक्ती आहे. पण म्हाताऱ्या शरीरात पाणी कमी पडलं की लघवीचा जंतुसंसर्ग होतो, त्यातून अचानक भ्रम होतो, आजी रात्री ओरडायला लागतात, आणि मग ‘आजी फार त्रास देतात’ म्हणून डॉक्टरांना फोन जातो. डॉक्टर फोनवरच झोपेची किंवा मन शांत करणारी गोळी लिहून देतात. आता आजी दिवसभर गुंगीत. गुंगीत माणूस कूस बदलत नाही.

कूस न बदलल्याचा परिणाम कसा पाहायचा ते नीट सांगतो, कारण हे नातेवाईकाला स्वतःला तपासता येतं. माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा आणि घोटे या हाडं वर आलेल्या जागा. तिथे लालसर डाग दिसला तर बोटाने दोन-तीन सेकंद दाबा आणि सोडा. निरोगी कातडी पांढुरकी होते आणि मग परत लाल होते. दाबूनही लालीच राहिली, पांढरी झालीच नाही, तर बेडसोर सुरू झालाय. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही, तिथे आजूबाजूच्या भागापेक्षा गरम, कडक किंवा जांभळट लागतं का ते पाहावं. या टप्प्यावर दर दोन तासांनी कूस बदलली, जागा कोरडी ठेवली, तर तो आठवडाभरात बरा होऊ शकतो. सोडून दिला तर कातडी फाटते आणि जखम हाडापर्यंत जाते, तेव्हा ती भरायला महिने लागतात.

कूस बदलल्याचा तक्ता बहुतेक बऱ्या संस्थांत बिछान्याशी लटकवलेला असतो. तो हातात घेऊन वाचा. दोन, चार, सहा, आठ अशा सगळ्या वेळा एकाच पेनने, एकाच हाताने, एकाच ओळीत सरळ लिहिलेल्या असतील, आणि दुपारी बाराला पोचलात तरी संध्याकाळी चारची नोंद भरलेली असेल, तर पुढे काही विचारायची गरज नाही.

वजनाचंही तसंच. महिन्याला एकदा वजन होतं का, ते लिहिलेलं दाखवा म्हणा. साठ किलोच्या माणसाचं एका महिन्यात तीन किलो उतरलं तर ते वयोमानाने उतरलं असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. डॉक्टरकडून कारण शोधून घ्या. बऱ्याचदा कारण इतकं साधं निघतं की दाताची कवळी हरवली आहे आणि पोळी चावता येत नाही.

गोळ्यांबद्दल थोडं जास्त सावध राहायला हवं. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना दिल्या जाणाऱ्या मानसविकारांवरच्या काही औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, अशी ठळक सूचना त्या औषधांवर छापायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये लावली. याचा अर्थ ती कधीच देऊ नयेत असा नाही. पण कोणतं औषध, कोणी, कधीपासून, कशासाठी सुरू केलं आणि कधी बंद करायचं, हे लेखी असलं पाहिजे. ‘शांत राहावेत म्हणून’ हे उत्तर पुरेसं नाही. दोरी दिसते तरी. गोळी दिसत नाही.

सोय हे कारण किती दूर जाऊ शकतं याचा एक जुना प्रसंग आपल्या घरचाच आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या काही मतिमंद मुली आणि स्त्रियांची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढून टाकण्यात आली. त्यांना आजार काही नव्हता. मासिक पाळीत त्यांना स्वच्छता राखता येत नाही आणि ती राखून द्यायला माणसं पुरत नाहीत, हे कारण दिलं गेलं. महिला संघटना आणि आरोग्य चळवळीतले कार्यकर्ते रस्त्यावर आले, वर्तमानपत्रांतून वादळ उठलं, तेव्हा उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. तेव्हा पुष्कळ सुशिक्षित लोक म्हणत होते की यात वाईट काय, त्या मुलींच्या भल्यासाठीच आहे. माझ्या मते संस्थांविषयीचा सगळ्यात धोकादायक शब्दप्रयोग हाच. ‘तिच्या भल्यासाठी’ म्हणून जे केलं जातंय त्यातून नक्की कोणाचं काम हलकं होतंय, हे दर वेळी विचारून पाहावं. केस बारीक कापणं, सगळ्यांना एकाच वेळी रांगेत आंघोळ घालणं, संध्याकाळी साडेपाचला जेवण उरकणं, हे सगळं त्याच माळेतलं.

कॅमेरे लावून हे सुटतं का? थोडंफार. कॅमेरा व्हरांड्यात असतो. हयगय न्हाणीघरात, बिछान्यात आणि औषधांच्या पेटीत असते, आणि तिथे कॅमेरा लावणं हाच त्या माणसांचा अपमान आहे. शिवाय चित्रीकरण पाहणारा कोण? तर बहुतेक ठिकाणी तोच अधीक्षक. पोलिस पडताळणीचंही असंच. ती करायलाच हवी, पण तिच्यातून पूर्वी गुन्हा नोंदला गेलेला माणूस कळतो. कधी पकडला न गेलेला कळत नाही.

कुणी काही सांगितलं तर

संस्थेतलं मूल किंवा आजोबा एखाद्या दिवशी तुमच्या कानाशी काही बोलतात. बहुधा अर्धवट, आडून. ‘त्या दादांची ड्युटी असली की मला झोप येत नाही.’ अशा वेळी आपण दोन चुका पटकन करतो. एक, त्याच्या तोंडात शब्द घालतो: ‘त्याने तुला हात लावला का?’ दुसरी, वचन देतो की मी कुणालाही सांगणार नाही. पहिल्या चुकीने पुढे न्यायालयात जबाब डळमळतो. दुसरं वचन तुम्हाला पाळता येणारच नाही. ‘मग काय होतं?’ एवढंच विचारावं आणि गप्प बसावं. त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह, त्याच दिवशी लिहून ठेवावेत. तो ‘शू करायची जागा’ म्हणाला असेल तर तसंच. अंगावर वळ असतील तर लगेच सरकारी रुग्णालयात तपासणी. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर अंगावरचे कपडे धुऊ नयेत, कागदी पिशवीत ठेवावेत. ज्याच्यावर संशय आहे त्याला जाऊन जाब विचारू नये. तुम्ही गेल्यावर राग त्या मुलावर निघतो आणि पुरावा रातोरात नाहीसा होतो.

अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत लैंगिक गुन्ह्याचा संशय असेल तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक केलं आहे. गुन्हा घडला की नाही याचा छडा तुम्ही लावायचा नसतो, नुसतं कळवायचं असतं. न कळवल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर एक वर्षापर्यंत. ‘आधी आमची अंतर्गत चौकशी पूर्ण होऊ दे, संस्थेची बदनामी नको’ हे वाक्य ऐकलं तर ते म्हणणाऱ्याला हे कलम शांतपणे वाचून दाखवावं. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. मुलाचा जबाब त्याच्या राहत्या जागी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, साध्या कपड्यांत आणि होता होईतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलिस ठाण्यात ठेवता येत नाही.

आणि तोंड उघडणारा कर्मचारी? त्याचं सगळ्यात अवघड असतं. रात्रपाळीची मावशी बोलली तर दुसऱ्या दिवशी तिची नोकरी जाते, आणि तिच्या जागी जी येते ती पहिल्या दिवशीच शिकते की इथे बोलायचं नाही. म्हणून संस्थेत माणसं किती वेगाने सोडून जातात हा प्रश्न विश्वस्तांनी दर बैठकीत विचारायला हवा, आणि सोडून गेलेल्या एखादीशी घरी जाऊन बोलायला हवं. देणगीदारांनाही हे करता येतं. आपण वाढदिवसाला जेवण देतो, फोटो काढतो, निघतो. त्याऐवजी विश्वस्तांना ‘रात्री कोण असतं, किती असतात, त्यांना पगार वेळेवर मिळतो का’ एवढं विचारलं तर ते दिलेल्या जिलेबीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. पुण्या-नाशिकच्या वृद्धाश्रमांत ज्यांचे आई-वडील आहेत अशी कितीतरी मराठी मुलं रविवारी व्हिडिओ कॉल करतात आणि निश्चिंत होतात. फोन कोणाच्या हातात आहे ते पाहा. तो मदतनिसाच्या हातात असेल, आई कॅमेऱ्याकडे न पाहता त्याच्याकडे पाहून उत्तर देत असेल, तर तो संवाद रांगेतल्या ‘हो सर’पेक्षा वेगळा नाही. गावातल्या एखाद्या मावसभावाला किंवा जुन्या शेजाऱ्याला महिन्यातून एकदा, न कळवता, तिथे जायला सांगा. त्याने आईसोबत बाहेर बाकावर बसून बोलावं. अशा भेटीला आडकाठी करणाऱ्या संस्थेकडून कारण लेखी मागा.

तुमच्या ओळखीचं कुणी कुठल्याही निवासी संस्थेत असेल तर या आठवड्यात जेवणाच्या वेळी, फोन न करता जाऊन या. ताटात काय आहे ते पाहा, टाचा पाहा, तक्ता वाचा. आणि हे क्रमांक मोबाइलमध्ये आजच टाकून ठेवा: मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० आणि जिवावर बेतलं असेल तर ११२.